कर्णा, मशीन आणि मातीची भिंत

भोर आणि वेल्हे भागात कर्णा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हरिनाम सप्ताहात तो देवळाच्या कळसाजवळ बांधलेला असतो, जत्रेत पिंपळाच्या फांदीवर, लग्नात मांडवाच्या मेढीला. अॅल्युमिनियमचा, राखाडी रंगाचा, मागं डब्यासारखं युनिट. बहुतेकांच्या मनात त्याची ओळख कर्कश आवाज अशीच झाली आहे. माझ्या मनात ती तशी नाही. माझ्या शाळेच्या सुट्ट्या मामांच्या स्पीकरच्या सामानात गेल्या. पुढं पुण्यात नोकरी करताना ज्या ध्वनियंत्रणा ऐकायला मिळाल्या, त्यातल्या काही लाखो रुपयांच्या होत्या, आणि त्याही याच कर्ण्याच्या तत्त्वावर चालत होत्या. त्या आणि मामांचे कर्णे, दोन्ही ऐकून माझं मत पक्कं झालं आहे : कर्णा गोड लागतो की कानात खुपतो, हे त्याच्या मागचं मशीन आणि त्याच्या पुढची जागा ठरवतात. कर्ण्याची किंमत त्यानंतर येते. मशीन म्हणजे अँप्लिफायर. आमच्याकडं सगळे त्याला मशीनच म्हणतात.

बांधाच्या पलीकडं औत धरलेल्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. गळा तोच, दम तोच, पण हाक लांब जाते. कर्ण्याचं काम तेच आहे. युनिटच्या आत एक लहानसा पडदा असतो, डायफ्राम. मोकळ्या हवेत तो हलला तर हवा बाजूला सरकते आणि फार थोडी ताकद आवाजात उतरते. पण त्याच्यासमोर अरुंद घसा असला, आणि तो घसा ठरावीक गतीनं रुंद होत मोठ्या तोंडात उघडला, तर पडद्याला हवेचा नीट भार मिळतो. मग त्याची मेहनत वाया जात नाही. घरातल्या नेहमीच्या पेटीतला स्पीकर विजेचा साधारण एक टक्का आवाजात उतरवतो. चांगला कर्णा १० ते ३० टक्के उतरवतो.

मामांचा धंदा गुंजवणी खोऱ्यात होता. मार्गासनी, विंझर, साखर, वेल्हे आणि इकडं नसरापूरपर्यंतची कामं ते घ्यायचे. वीज सगळीकडं भरवशाची नव्हती, म्हणून मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारं असायचं. एसटीच्या टपावर कर्णे, पायाशी बॅटरी आणि मांडीवर मशीन, असा आमचा प्रवास. कामाच्या जागी पोहोचल्यावर मामा आधी कर्णा बांधायचे नाहीत. ते लोक बसणार त्या जागेच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मला म्हणायचे, "आरं, कर्ण्याम्होरं हुबं राहून काय कळत न्हाई. हितं, मागं बसलेल्या म्हातारीला अभंगाचा शबुद कळला पायजे." मी पुढं जे काही शिकलो, ते या एका सवयीच्या खुलाशासारखं आहे.

कर्णा आणि मशीन जुळवणं म्हणजे पहिल्यांदा ओहमचं गणित. युनिट बहुधा १६ ओहमचं असतं. चार युनिटं समांतर जोडली की मशीनला ४ ओहमचा भार दिसतो. दोन-दोन एकापुढं एक जोडून त्या जोड्या समांतर केल्या की पुन्हा १६. मशीनच्या मागच्या पट्टीवर ४, ८, १६ असे वेगळे खिळे असतात, आणि चुकीच्या खिळ्याला वायर लावली की मशीन तापतं. पण खरी नासाडी व्हायची ती लांब वायरीत. आमच्या वाड्या एकमेकींपासून लांब. देवळापासून खालच्या आळीला २०० मीटर वायर ओढायची म्हटलं तर जाऊन-येऊन ४०० मीटर तांबं. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध तेवढ्या लांबीला जवळजवळ १४ ओहम होतो. समोर १६ ओहमचं युनिट असेल तर मशीन देतं त्यातली जवळपास निम्मी ताकद वायर गरम करण्यात जाते. मामांनी हे कुठं वाचलं नव्हतं, पण लांबच्या कर्ण्याला ते कायम ट्रान्सफॉर्मर लावायचे आणि १०० व्होल्टच्या लाइनवर घ्यायचे. ६० वॅटचा भार त्या लाइनवर १६७ ओहम दिसतो. मग वायरीचे १४ ओहम किरकोळ ठरतात.

दुसरी गोष्ट ढोलकीची. कर्णा त्याच्या आकारानं ठरलेल्या स्वराच्या खाली काम करत नाही. त्या स्वराच्या तरंगाच्या लांबीएवढा तरी त्याच्या तोंडाचा घेर असावा लागतो. ३०० हर्ट्झसाठी हा घेर सव्वा मीटरच्या आत येतो, म्हणजे तोंड साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर रुंद. ५० हर्ट्झ हवे असतील तर तेच तोंड दोन मीटरहून मोठं करावं लागेल. मर्यादेखालचा खर्ज लहान कर्ण्यात सोडला की पडद्याला हवेचा भार मिळत नाही, तो मोकाट हलतो आणि फाटतो. जत्रेत दर वर्षी युनिटं उडतात, त्यातली बरीचशी अशी. उपाय अगदी स्वस्त आहे. १६ ओहमच्या युनिटला ३३ मायक्रोफॅरडचा, दोन्ही बाजूंनी चालणारा कपॅसिटर एकापुढं एक जोडला की ३०० हर्ट्झच्या खालचं उतरत जातं. मशीनवरचं बासचं बटणही मागं घ्यावं. आवाज पातळ होईल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात शब्द स्वच्छ होतो, कारण व्यंजनांची ओळख वरच्या स्वरांत असते.

नोकरीत असताना एका निवृत्त डॉक्टरांची ओळख झाली. पुण्यात त्यांच्या बंगल्यात क्लिप्शहॉर्नची जोडी होती. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली आणि हा स्पीकर विकायला सुरुवात केली. त्याची करामत अशी, की खर्जासाठी लागणारा अवाढव्य कर्णा त्यांनी लाकडी कपाटात घड्या घालून बसवला आणि त्याचं शेवटचं तोंड म्हणून खोलीचा कोपरा वापरला. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्णा पूर्ण होतो. कोपरा पक्का नसेल, मध्येच दार असेल, तर खर्ज पांगतो. डॉक्टरसाहेबांनी बंगला बांधतानाच ते दोन कोपरे राखून ठेवले होते. "अहो, आधी स्पीकर ठरला, मग नकाशा काढला," ते म्हणाले. मशीन होतं ३०० बी नावाच्या व्हॉल्व्हचं, एका बाजूला ८ वॅटचं. आमच्या मामांचं सगळ्यात लहान मशीन त्याहून दणकट होतं.

त्या ८ वॅटवर भीमसेन जोशींचा आवाज असा उभा राहिला की मी बोलायचं थांबलो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतून सतत उमलत राहणारे ते वरचे स्वर, वेगवेगळे मोजता येत होते. तबल्याच्या चाटेवरचा घाव आणि त्यामागचा नाद यांत अंतर कळत होतं. याचं कारण गणितात आहे. क्लिप्शहॉर्न १ वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबल आवाज देतो. साधी चांगली पेटी ८७. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे ताकदीत ६३ पटींचा. पेटीला ६३ वॅट लागतील तिथं कर्ण्याला एकच पुरतो. पडदा जेमतेम हलतो, म्हणून आवाज विस्कटत नाही, आणि हळू आवाजातून एकदम मोठ्या आवाजात जाताना त्याला धाप लागत नाही.

कर्णा आणि लहान मशीन ही जोडी योगायोगानं जमलेली नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकनं बोलपटांसाठी ५५५ नावाचा ड्रायव्हर आणला, तेव्हा मोठ्या ताकदीची मशीनं नव्हतीच. हजार माणसांचं थिएटर थोड्या वॅटमध्ये भरायचं तर कर्णा भाग होता. ३०० बी व्हॉल्व्हही त्याच घराण्यातला, तीसच्या दशकातला. आपल्याकडं १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा पडद्यामागून बोलणारे कर्णेच होते. जत्रेतल्या तंबू थिएटरांनी ते खेड्यापाड्यांत आणले. म्हणजे पिंपळावरचा कर्णा आणि डॉक्टरसाहेबांच्या कोपऱ्यातलं कपाट ही एकाच घरातली भावंडं आहेत.

मुंबईत एकांकडं जर्मनीच्या आवांगार्ड कंपनीचा ट्रिओही ऐकला. तीन उघडे गोल कर्णे, सर्वांत मोठा जवळपास तीन फूट व्यासाचा, आणि १ वॅटला एक मीटरवर १०९ डेसिबल आवाज. दिसायला देखणा, आणि मोठ्या दिवाणखान्यात मागच्या खुर्चीवर बसलं की अप्रतिम. पण तोच मी पुढं सरकून दहा फुटांवर बसलो, तेव्हा गायिकेचा आवाज वरच्या कर्ण्यातून एक आणि खालच्यातून एक असा उसवला. प्रत्येक स्वरपट्टीला वेगळा कर्णा असला की ते आवाज हवेत एकत्र यायला अंतर लागतं. लहान खोलीतल्या माणसानं हा स्पीकर घेऊ नये, परवडत असला तरी. त्याच्यासाठी क्लिप्शहॉर्नही नव्हे. त्याला मधल्या पट्टीला एक कर्णा आणि खर्जाला साधी पेटी एवढंच पुरेल.

मी स्वतः तेच केलं. एका बंद पडलेल्या थिएटरच्या सामानातून जुन्या ड्रायव्हरची जोडी मिळाली. भोरमधल्या सुताराकडून सागवानी पट्ट्या चिकटवून आणि आतून रंधून दोन कर्णे करून घेतले, ३०० हर्ट्झच्या मापाचे. ते वापरायचे मात्र ६०० हर्ट्झच्या वर, कारण मर्यादेच्या काठावर कर्णा कधीच नितळ बोलत नाही, एक सप्तक सोडावं लागतं. खाली १५ इंची स्पीकरची मोठी पेटी. ती पेटी कर्ण्यापेक्षा जवळपास १० डेसिबल हळू, म्हणून कर्ण्याला रोध लावून मागं ओढावं लागलं. हे सगळं आधी पुण्याच्या फ्लॅटमध्ये लावलं आणि १०० वॅटच्या ट्रान्झिस्टरच्या मशीनवर वाजवलं. छान वाजत होतं.

मग सामान वेल्ह्याजवळच्या आमच्या जुन्या घरी नेलं. पहिल्याच रात्री कर्ण्यातून फुस्स असा आवाज सतत येऊ लागला. मशीन तेच, वायरी त्याच. विचार केल्यावर लक्षात आलं की आवाज पुण्यातही होता, फक्त तिथं रस्त्याच्या गोंगाटात बुडून जात होता. तोरण्याच्या पायथ्याशी रात्री नऊनंतर तसा गोंगाट नसतो. १०० वॅटच्या मशीनची खरखर पूर्ण ताकदीपेक्षा ९० डेसिबल खाली आहे असं पत्रकात लिहिलेलं असतं आणि ते चांगलंच समजतात. पण याचा अर्थ ती १ वॅटच्या ७० डेसिबल खाली आहे. ८७ डेसिबलच्या पेटीतून ती एक मीटरवर १७ डेसिबल येईल, कुणाला ऐकू जाणार नाही. १०५ डेसिबलच्या कर्ण्यातून तीच ३५ येते, आणि आमच्या माजघरात रात्री एवढाही आवाज नसतो. माझ्या कर्ण्याला लावलेल्या रोधानं त्यातली थोडी कमी झाली, तरी उरलेली खुपत होती.

म्हणून कर्ण्यासाठी मशीन निवडताना पहिल्या वॅटच्या आधी काय ऐकू येतं ते पाहावं. गाणं न लावता, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवून, खोलीत गप्प बसावं. ३०० बीचं एक मशीन डॉक्टरसाहेबांनी मोठ्या मनानं ऐकायला दिलं. खरखर नव्हती, पण बारीक घुमघुम होती, मेन्सच्या विजेची. आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याचा आवाजही मलूल व्हायचा. १५ इंची स्पीकरच्या खर्जावर त्याची पकडही सैल वाटली. क्लिप्शहॉर्नच्या घडीच्या कर्ण्याला ते जमतं, माझ्या पेटीला जमलं नाही. शेवटी ईएल ८४ व्हॉल्व्हचं, १२ वॅटचं, पुश-पुल पद्धतीचं मशीन ठेवलं. त्यात दोन व्हॉल्व्ह एकमेकांची घुमघुम बरीचशी खोडून टाकतात आणि खर्जही आवरून धरतात. मधल्या पट्टीत ३०० बीचा जो ओलावा आहे, तो याच्यात थोडा कमी आहे, हे खरं. पण माझ्या घरात, माझ्या विजेवर, हीच जोड बरोबर आहे.

घराचा वाटा मला सगळ्यात उशिरा कळला आणि तोच सगळ्यात मोठा निघाला. आमच्या घराला दोन भाग आहेत. पुढं नवा स्लॅब टाकलेली खोली, १२ बाय १५ फूट, खाली गुळगुळीत फरशी. मागं जुनं माजघर : दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर लाकडी माळा आणि त्याच्यावर कौलं. सामान आधी नव्या खोलीत लावलं, कारण ती दिसायला बरी. तिथं टाळ कानात सुईसारखा शिरायचा आणि पखवाजाचा एक ठरावीक स्वर खोलीभर फुगायचा. १५ फुटांच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, १२ फुटांत ४७ला, आणि त्यांच्या पटींतही. टाळी वाजवली की भिंतींमधून चर्रर्र असा आवाज परत यायचा. कोपऱ्यांत भाताच्या पेंढ्यानं भरलेली पोती छतापर्यंत रचली, समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, खाली घोंगडी अंथरली. चर्रर्र गेली, टाळ निवला. पेंढा हा फार चांगला ध्वनिशोषक आहे, आणि आमच्याकडं सुगीनंतर तो हवा तेवढा मिळतो.

तेच स्पीकर माजघरात नेले, तेव्हा काहीच करावं लागलं नाही. सारवलेली, भेगाळलेली माती वरचे स्वर थोडे थोडे पिते. माळ्याच्या फळ्या आणि वरचं सामान आवाज पांगवतं. जास्तीचा खर्ज कौलांच्या फटींतून बाहेर निघून जातो, त्यामुळं खोली घुमत नाही. किशोरीताई आमोणकरांची एखादी मींड तिथं लागते तेव्हा स्पीकर कुठं ठेवले आहेत हे डोळे मिटून सांगता येत नाही. माजघर पाडून तिथं स्लॅब टाकायचा घरातल्यांचा विचार होता, तो मी हट्टानं थांबवला.

पावसाळ्यात मात्र सगळं बंद. कौलांवरचा पाऊस इतका मोठा की ऐकण्यात अर्थ नसतो, आणि ओल हा सामानाचा शत्रू. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत दमट हवा शिरते, ड्रायव्हरमध्ये लोखंडी भागाला गंज चढतो, कागदी कोनावर बुरशी येते. मशीनच्या कपाटात एक लहान दिवा चार महिने लावून ठेवतो. आषाढ-श्रावणात हे न करणाऱ्यानं या भागात व्हॉल्व्हचं मशीन बाळगू नये.

आता पुन्हा देवळाकडं येतो, कारण हे सगळं ज्ञान माजघरात कोंडून ठेवण्यासारखं नाही. गावोगावी जुने लाकडी सभामंडप जाऊन काँक्रीटचे झाले, वर घुमट आला, खाली फरशी. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असा मंडप धरला, तर रिकाम्या अवस्थेत त्यात आवाज पाच-सहा सेकंद रेंगाळतो. त्यात शंभर माणसं बसली की तो सव्वा सेकंदाच्या आत येतो, कारण माणसाचं अंग आणि कपडे आवाज शोषतात. हे गणित वॉलेस सबाईन या हार्वर्डच्या प्राध्यापकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं. आमच्याकडं काय होतं, तर दुपारी रिकाम्या मंडपात माईक तपासतात, शब्द कळत नाही म्हणून आवाज वाढवतात, कर्णे वाढवतात, आणि रात्री कीर्तनाला शिट्टी सुरू होते. एका सप्ताहात मंडळाच्या परवानगीनं मी उलट केलं. घुमटाकडं तोंड केलेले कर्णे उतरवले. दोनच ठेवले, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या थोडं वर, माणसांकडं किंचित झुकवून. बास बंद. मशीनचं बटण आधीपेक्षा बरंच मागं. बुवांचा प्रत्येक शब्द मागच्या भिंतीपर्यंत कळला. माळकरी बाबा म्हणाले, "आज निरूपण ऐकाया आलं."

आणि बाहेरचे कर्णे. १०० मीटर अंतरावरच्या दोन कर्ण्यांतून एकच कीर्तन सोडलं तर लांबच्याचा आवाज सेकंदाच्या तीन दशांशानं मागून येतो, आणि दोन्ही शब्द एकमेकांवर पडून नासतात. आमच्या खोऱ्यांत तर डोंगराचा कडा तिसरा आवाज परत पाठवतो. शिवाय थंडीत पहाटे दरीच्या तळाशी गार हवा साचते आणि वर उबदार थर असतो, त्यामुळं आवाज वर न जाता वाकून पुन्हा जमिनीकडं येतो. कार्तिकातला काकडा म्हणूनच दोन वाड्या ओलांडून ऐकू जातो. त्या वेळी दुपारच्या निम्म्या आवाजातही काम भागतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, आणि दवाखान्यातला रुग्ण किंवा बारावीचा अभ्यास करणारी मुलगी सहा वाजल्यानंतरही असतेच.

भोर-वेल्ह्यातल्या सप्ताह कमिट्यांना आणि जत्रा मंडळांना माझी विनंती आहे, की यंदा वॅट वाढवायला पैसे काढण्याआधी आहे तेच सामान खाली उतरवून, माणसांकडं वळवून, बास काढून एकदा ऐका, आणि ऐकणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवा. घरी ऐकण्यासाठी कर्ण्याचे स्पीकर घेऊ पाहणाऱ्यांनी दुकानात निर्णय घेऊ नये. ते घरी आणून, आपल्याच मशीनवर, आपल्याच खोलीत, रात्री सगळं निजल्यावर ऐकावेत, आणि खोली लहान असेल तर लहान कर्णाच घ्यावा. मातीचं जुनं घर अजून उभं असेल तर ते पाडण्यापूर्वी त्यात एक दिवस गाणं लावून बघा.